वाफसा : झाडाला पाणी केव्हा आणि किती?

नाशिकमधल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. फेब्रुवारी महिन्यात आम्ही आठवीच्या वर्गासाठी गुलाबाच्या बारा कुंड्या तयार केल्या. माती जवळच्या मळ्यातून आणली. चांगली काळीभोर होती. दोन-दोन मुलांकडे एकेक कुंडी सोपवली आणि 'रोज पाणी घालायचे' एवढीच सूचना दिली. मार्चअखेर अकरा गुलाब बऱ्या स्थितीत होते. एका गुलाबाची पाने मात्र पिवळी पडून माना टाकू लागली होती. ती कुंडी वर्गातल्या सर्वांत व्यवस्थित मुलीकडे होती. तिची जोडीदार आजारी होती, म्हणून सारे काम ती एकटीच करत होती.

पाने कोमेजलेली पाहून मी तिला म्हणालो, "पाणी घालायला विसरलीस ना?" ती काही बोलली नाही. डोळे मात्र भरून आले. चार दिवसांनी झाड पूर्ण गेले. कुंडी रिकामी करायला घेतली, तेव्हा आतून चिखल निघाला आणि त्याला कुजका वास येत होता. मुळे तपकिरी, बुळबुळीत झालेली. कुंडीच्या तळाच्या भोकावर खापरीचा एक सपाट तुकडा घट्ट बसला होता. तो मीच ठेवलेला होता. त्या मुलीने सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी असे दिवसातून तीन तांबे पाणी न चुकता घातले होते. झाड तहानेने मेले नव्हते, पाण्याने गुदमरले होते.

मी वर्गासमोर तिची क्षमा मागितली. पण एवढ्याने काम भागत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला कोमेजलेले पान पाहून चुकीचे निदान का करावेसे वाटले, हा प्रश्न उरतोच. त्याचेच उत्तर या लेखात पाहू.

पान का कोमेजते?

सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली की ती ताठ होते. पानातील पेशीही अशाच पाण्याच्या दाबाने ताठ राहतात. पानावरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. यालाच आपण बाष्पोत्सर्जन म्हणतो. मुळे जेवढे पाणी शोषतात, त्याच्या शंभर भागांपैकी पंचाण्णवहून अधिक भाग अशा रीतीने हवेत जातो. वाढीसाठी प्रत्यक्ष वापरले जाणारे पाणी त्या मानाने अगदी थोडे असते.

झाड किती पाणी 'पिते' हे काळजीपूर्वक मोजले ते इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी. १७२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी सुमारे साडेतीन फूट उंचीचे सूर्यफुलाचे झाड कुंडीत घेतले. मातीतून थेट बाष्पीभवन होऊ नये म्हणून कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने झाकले आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ कुंडीचे वजन केले. दिवसाच्या बारा तासांत ते झाड सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडे अधिक पाणी हवेत सोडत होते. हेल्स यांचे हे प्रयोग १७२७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांच्याकडे तराजू आणि चिकाटी याखेरीज फारसे काही नव्हते. तुमच्याकडेही या दोन गोष्टी असू शकतात.

आता असे समजा की पानांतून जाणारे पाणी जास्त आहे आणि मुळांकडून येणारे कमी पडते आहे. जमाखर्चात तूट येते, पेशींतला दाब कमी होतो आणि पान मान टाकते. ही तूट येण्याची कारणे मात्र तीन आहेत.

पहिले कारण : माती खरोखरच कोरडी झाली आहे.

दुसरे कारण : मातीत पाणी आहे, पण दुपारचे ऊन आणि कोरडा वारा यांमुळे खर्चच इतका वाढला आहे की मुळे त्या वेगाने पुरवठा करू शकत नाहीत. असे झाड संध्याकाळी आपोआप ताठ होते. भोपळा, काकडी, दोडका यांची मोठी पाने एप्रिलच्या दुपारी अशी लोंबताना तुम्ही पाहिली असतील.

तिसरे कारण : माती पाण्याने गच्च भरली आहे, त्यामुळे मुळांनी काम करणेच सोडले आहे.

तिन्ही वेळी पान दिसते सारखेच. तापाने फणफणलेल्या माणसाला नुसते पाहून ताप कशाचा हे वैद्य सांगत नाही, तो नाडी पाहतो. झाडाची नाडी मातीत असते. मी फक्त पान पाहिले, मातीत बोट घातले नाही. माझी चूक ती एवढीच.

मुळांनाही श्वास लागतो

प्रकाशसंश्लेषणाचा धडा शिकताना आपण झाडाला 'ऑक्सिजन देणारे' म्हणतो आणि झाडालाही ऑक्सिजन लागतो हे विसरतो. मुळांच्या पेशी जिवंत असतात. क्षार शोषणे आणि नवी मूलरोमे वाढवणे यासाठी त्यांना ऊर्जा लागते. ती श्वसनातून मिळते आणि श्वसनासाठी ऑक्सिजन हवा. मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून हा ऑक्सिजन खाली मुळांपर्यंत पोहोचतो.

या पोकळ्या पाण्याने भरून गेल्या तर? ऑक्सिजन पाण्यातून पसरतो खरा, पण हवेतून पसरण्याच्या वेगाच्या सुमारे दहा हजारावा भाग इतक्या मंद गतीने. पाण्यात असलेला थोडासा ऑक्सिजन मुळे आणि मातीतील सूक्ष्मजीव मिळून लवकरच संपवतात. मग मुळांची पाणी शोषण्याची शक्तीच कमी होते. भोवती पाणीच पाणी असते आणि पान मात्र सुकते. अशा दुबळ्या मुळांवर पिथियमसारख्या रोगजंतूंचा हल्ला होतो आणि मूळकूज सुरू होते. आमच्या कुंडीतला वास होता तो याच कुजण्याचा.

शेतकऱ्याचा शब्द : वाफसा

मातीत पाणी हवे आणि हवाही हवी. या दोन्ही गोष्टी एकत्र असण्याच्या स्थितीला मराठी शेतकऱ्याने फार पूर्वीच नाव दिले आहे. ते नाव म्हणजे वाफसा. जोराचा पाऊस झाला की शेतकरी लगेच शेतात औत घालत नाही. "वाफसा येऊ दे," म्हणतो. मोठ्या पोकळ्यांतील जादा पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली निघून जाते आणि त्यांत हवा शिरते. लहान पोकळ्यांतील पाणी केशाकर्षणामुळे कणांना धरून राहते. ढोबळ मानाने, चांगल्या मातीच्या आकारमानाचा निम्मा भाग घन कणांचा असतो. उरलेल्या निम्म्यात वाफशाच्या वेळी पाणी आणि हवा जवळजवळ सारख्या वाट्याने असतात.

माती वाफशापेक्षाही कोरडी होत गेली की उरलेले पाणी कणांना अधिकाधिक घट्ट धरून बसते. शेवटी अशी पातळी येते की मुळांना ते ओढून घेता येत नाही. झाड संध्याकाळीच काय, रात्री दमट हवेतही ताठ होत नाही. या पातळीला म्लानबिंदू म्हणतात. अमेरिकेत ब्रिग्ज आणि शँट्झ या दोन शास्त्रज्ञांनी अनेक वनस्पतींवर प्रयोग करून १९१२ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. एकाच मातीत वाढवलेल्या वेगवेगळ्या वनस्पती जवळजवळ सारख्याच ओलाव्याला कायमच्या कोमेजतात. माती बदलली की मात्र हा ओलावा बराच बदलतो. म्हणजे पाणी कधी संपले हे ठरवण्यात झाडापेक्षा मातीचाच हात मोठा असतो.

वाफसा आणि म्लानबिंदू यांच्या दरम्यानचे जे पाणी, तेवढेच झाडाच्या कामाचे. त्याच्या वरचे पाणी मुळांना गुदमरवते आणि खालचे पाणी हाती लागत नाही.

नाशिकची काळी माती

नाशिक जिल्ह्याच्या पायाखाली दख्खनचा काळा बेसाल्ट खडक आहे. तो झिजून तयार झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज पुष्कळ असते. त्याचे कण अतिशय बारीक असतात. पाणी मिळाले की ते फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणूनच उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच रानात बूट रुतून बसतो. ही माती पाणी पुष्कळ साठवते, पण सावकाश पिते आणि सावकाश सोडते. त्याउलट मुरमाड माती पाणी लगेच पिते आणि लगेच गमावते.

पाऊसही सर्वत्र सारखा नाही. घाटमाथ्यावरील इगतपुरीला वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास येतो आणि पूर्वेकडे येवल्याकडे जाताना आणखी कमी होतो. एकाच जिल्ह्यात इतका फरक असताना 'रोज एक तांबा' हा नियम सर्वांना कसा लागू पडेल?

मोगल काळात नाशिकचे नाव गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे गाव, असे होते. आजही येथील द्राक्षबागा देशभर प्रसिद्ध आहेत. त्या बागांत ठिबक संचाने मुळांपाशी थेंब थेंब पाणी सोडतात. हेतू पाणी वाचवण्याचा आहेच. शिवाय माती वाफशाजवळ राहावी, हाही आहे. सटाणा-मालेगाव भागातील डाळिंब उत्पादक तर बहार धरण्याआधी झाडाचे पाणी मुद्दाम तोडतात. याला ते 'ताण देणे' म्हणतात. काही काळ पाणी न देणे हीसुद्धा निगाच आहे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

बागलाणातील मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धतीची जुनी सिंचनव्यवस्था होती. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखाली एकेका पिकाचे फड, अशी तिची रचना असे. पिकाला पाणी पाजण्याचे काम बारेकऱ्याकडे असे. प्रत्येकाने आपल्या मनाप्रमाणे पाट फोडायचा नाही, रान पाहून पाळीनेच पाणी द्यायचे, ही त्यातील शिस्त होती.

शिस्त सुटली म्हणजे काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या कालव्यांखाली उसाला भरमसाट पाणी दिल्याने काही जमिनी पाणथळ आणि खारपड झाल्या. आमच्या कुंडीत जे घडले, तेच तेथे एकरांच्या हिशेबाने घडले.

करून पाहा : तीन प्रयोग

१. मूठभर माती. झाडापासून वीतभर अंतरावर, बोटभर खोल खणून मूठभर माती काढा. ती मुठीत दाबा. बोटांमधून पाणी ओघळले किंवा चिखल चिकटला, तर माती गच्च आहे, पाणी देऊ नका. गोळा झाला आणि अंगठ्याने दाबताच त्याचा भुगा झाला, तर वाफसा आहे, थांबा. गोळाच झाला नाही किंवा कोरडी ढेकळे हाती आली, तर पाणी द्या. वरचा अर्धा इंच थर पाहून निर्णय घेऊ नका. उन्हाने तो तासाभरात वाळतो आणि खाली मात्र ओल असते.

२. स्पंजची कुंडी. भांडी घासण्याचा लांबट चौकोनी स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. थोडे पाणी गळून थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच आणि छिद्रेही तीच आहेत, मग पाणी का गळले? कारण पाण्याच्या स्तंभाची उंची वाढली. आता स्पंजचा खालचा भाग दाबून पाहा. तो अजून गच्च ओला आहे. प्रत्येक कुंडीच्या तळाशी असाच एक गच्च थर राहतो. कुंडी उथळ असली तर मुळांना राहायला तो थरच उरतो. कुंडीत तळाला खडीचा जाड थर घातला की निचरा होतो, अशी अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात तो गच्च थर खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकावर खापरीचा एकच बाकदार तुकडा पालथा ठेवावा. माती अडते आणि पाण्याला वाट राहते. मातीतच वाळू, पोयटा आणि कुजलेले शेणखत मिसळणे हा खरा उपाय आहे.

३. कुंडीचे वजन. सारख्या तीन कुंड्यांत सारखी माती भरा. पहिलीत नुसती माती ठेवा. दुसरीत मातीवर दोन इंच वाळलेला पाला पसरा. तिसरीत झाड लावा. तिन्हींना भरपूर पाणी देऊन निथळू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन करा, म्हणजे साधारण वाफशाचे वजन मिळेल. मग पाणी न घालता तीन दिवस रोज त्याच वेळी वजन करून वहीत नोंदवा. एक ग्रॅम घट म्हणजे एक मिलिलिटर पाणी गेले. पाल्याने किती पाणी वाचवले आणि झाडाने किती खर्च केले, ते तुमचे तुम्हालाच कळेल.

थोडे गणित

एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पसरले तर त्याची उंची एक मिलिमीटर होते. हे एक सूत्र लक्षात ठेवा.

समजा, वाफ्यात गुलाबाची बरीचशी मुळे वरच्या ३० सेंटिमीटर मातीत आहेत आणि काळ्या मातीत झाडाच्या कामाचे पाणी आकारमानाच्या १५ टक्के आहे. म्हणजे ३०० मिलिमीटर खोलीत ४५ मिलिमीटर पाणी झाले. ते सगळे संपेपर्यंत थांबायचे नाही, निम्मे संपले की पाणी द्यायचे. म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर, अर्थात दर चौरस मीटरला २२ लिटर. पंधरा लिटरच्या बादलीने मोजले तर दीड बादली. उन्हाळ्यात झाड आणि माती मिळून रोज ५.५ मिलिमीटर पाणी खर्च होत असेल, तर पाळी ४ दिवसांनी येईल. थंडीत खर्च ३ मिलिमीटरवर आला, तर ती ७ दिवसांनी येईल.

मुरमाड मातीत कामाचे पाणी ६ टक्केच धरा. मग एकूण १८ आणि निम्मे ९ मिलिमीटर. त्याच उन्हाळ्यात पाळी दीड-दोन दिवसांनी येईल आणि दर वेळी दर चौरस मीटरला ९ लिटर पुरतील. काळ्या रानाला भरपूर पण क्वचित, मुरमाड रानाला थोडे पण वारंवार, या नियमाचे मूळ येथे आहे.

आता आमची कुंडी घ्या. तीत ८ लिटर माती होती. १५ टक्क्यांनी कामाचे पाणी १.२ लिटर झाले. कोवळे गुलाबाचे रोप दिवसाला फार तर पाव लिटर खर्च करत असेल. ती मुलगी रोज तीन तांबे, म्हणजे जवळजवळ तीन लिटर पाणी घालत होती आणि भोक बंद होते. हिशेब आधी केला असता, तर बोलणी मला बसली असती, तिला नव्हे.

हे आकडे पंचांगासारखे पाठ करू नका. तुमची माती, तुमचे झाड आणि तुमचा महिना यांचे आकडे तिसऱ्या प्रयोगातून काढा.

पाणी घालण्याची रीत

पाणी सकाळी द्यावे. भर दुपारी दिलेल्या पाण्याचा बराच भाग वाफ होऊन जातो. रात्रभर पाने ओली राहिली, तर गुलाबावर काळ्या ठिपक्यांचा बुरशीरोग वाढतो, म्हणून पाणी पानांवर न मारता बुंध्याभोवतीच्या आळ्यात सोडावे. पानावरचे थेंब भिंगासारखे काम करून पान जाळतात, असे पुष्कळदा सांगितले जाते. २०१० साली हंगेरीतील संशोधकांनी हे तपासले. लव नसलेल्या गुळगुळीत पानांवर अशी भाजणी होत नाही, असे त्यांना आढळले. लव असलेल्या पानांवर थेंब केसांच्या आधाराने वर तोलला जातो, तेथे मात्र ती शक्यता उरते.

काळी माती वाळून कुंडीच्या कडेपासून सुटली असेल, तर पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहून जाते. खालून पाणी आले म्हणजे माती भिजली, असे समजू नका. थोडे पाणी घाला, दहा मिनिटे थांबा, माती फुगून फट मिटू द्या आणि मग उरलेले द्या.

बोअरच्या जड पाण्यातील क्षार कुंडीत साठतात आणि मातीवर पांढरा थर दिसू लागतो. अशा वेळी अधूनमधून भोकातून बरेचसे पाणी बाहेर पडेल इतके भरपूर पाणी देऊन क्षार धुऊन काढावेत. बशीत साठलेले पाणी ओतून टाकावे.

सुट्टीत शाळेची बाग सांभाळण्यासाठी जुना उपाय चांगला आहे. न रंगवलेले, कच्च्या रंगाचे नव्हे तर नीट भाजलेले मातीचे मडके झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. भोवतालची माती कोरडी असली की मडक्याच्या छिद्रांतून पाणी अधिक झिरपते आणि ओली असली की कमी. मडकेच एक प्रकारे वाफसा राखते.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा बारा कुंड्या केल्या. या वेळी 'रोज पाणी घालायचे' ही सूचना नव्हती. प्रत्येक कुंडीला एक वही होती. तारीख, मुठीतली माती, कुंडीचे वजन आणि पाणी दिले की नाही, असे चार रकाने तीत होते. तेव्हा नववीत गेलेल्या त्या मुलीने वह्या तपासण्याचे काम मागून घेतले. तिच्या लाल शाईचा एकच शेरा बहुतेक वह्यांत होता : 'आधी माती पाहा.'

विचार करा

१. दुपारी कोमेजलेले झाड दुसऱ्या दिवशी पहाटेही ताठ झालेले नाही. वरील तीन कारणांपैकी कोणते कारण वगळता येईल? उरलेल्या दोहोंतले कोणते खरे, हे कसे ठरवाल?

२. एका वाफ्यात मुळे २० सेंटिमीटर खोल आहेत आणि कामाचे पाणी १० टक्के आहे. निम्मे संपल्यावर दर चौरस मीटरला किती लिटर पाणी द्यावे? रोजचा खर्च ५ मिलिमीटर असल्यास पाळी किती दिवसांनी येईल?

३. हेल्स यांनी कुंडीचे तोंड झाकले नसते, तर त्यांच्या निष्कर्षात कोणती चूक शिरली असती?

४. तुमच्या घरातील किंवा शेतातील वडीलधाऱ्या माणसांना वाफसा कसा ओळखायचा, ते विचारा. त्यांच्या खुणा आणि मुठीचा प्रयोग यांची तुलना करून टिपण लिहा.